नासपत्या

करडी, ता. मोहाडी
१६ फेब्रुवारी २०२५

चि. रक्षा,

आशीर्वाद. वर 'चि. सौ.' लिहायला हात गेला होता. मग कागद बदलला. हाताला अजून कोणी सांगितलं नाही बहुतेक.

तू फोन उचलत नाहीस याचा राग नाही, मीही नसता उचलला. पत्राचं बरं असतं. आलं म्हणून लगेच वाचावंच लागत नाही, डब्याखाली दाबून ठेवता येतं. जवाहरनगरच्या क्वार्टरचा पत्ता तुझ्या भावानेच दिला. धर्मेंद्र भला माणूस आहे, त्याला माझा नमस्कार सांग.

घरी ठीक आहे. तुझी सासू जेवते. गाय व्याली, गोऱ्हा झाला. पांढराफेक आहे, कपाळावर एक तांबडा टिक्का. नाव तृप्तीने ठेवायचं म्हणून आम्ही त्याला अजून "अरे" म्हणतो. तोही "अरे" म्हटलं की मान वर करतो. लवकर नाव कळव, नाहीतर जन्मभर अरेच राहील.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. नासपत्याला मोहोर आला आहे.

राजूच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी पोरीचा हात धरून तू म्हणाली होतीस, "मामाजी, हे झाड उभं आहे तंवर मी या घरात पाय नाही ठेवत." त्या झाडाने तुझा नवरा खाल्ला, असं सगळं गाव म्हणतं. माझाही तो मुलगा होता, बाई. उतरती संध्याकाळ झाली की कुऱ्हाड घेऊन मीही त्या बुंध्यापर्यंत जाऊन आलो आहे, एकदा नाही, पुष्कळदा. हात वर उचलला जात नाही.

तुला वाटेल, म्हातारा लाकडावर जीव लावून बसला. म्हणून एकदा नीट सांगतो. माझ्या आज्याच्या आमराईत प्रत्येक झाडाला नाव होतं. शेंदऱ्या, गोटी, खोबऱ्या. कोयीतून उगवलेलं झाड, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, म्हणून नावही वेगळं. हे झाड पहिल्यांदा फळलं तेव्हा आजा नुकताच नागपूर पाहून आला होता, आणि तिथे त्याने एका गाड्यावर नासपती पाहिली होती. हा आंबाही तसाच, मानेला निमुळता, बुडाला जड. म्हणून नासपत्या. बाकीची झाडं वाटण्यांत गेली, फळ्या पाडायला गेली, एक हे राहिलं. पंचक्रोशीत दुसरं नाही, मी फिरून पाहिलं आहे.

तू तर खाल्ला आहेस. पिकला तरी हिरवाच. सालीवर गंज चढल्यासारखे बारीक ठिपके. आत एक धागा नाही, लोण्यासारखा गर, आणि वास कसला, तर चिन्नोरचा भात वैरल्यावर पहिली वाफ निघते ना, तसा. पण लहरी. तो कोयीकडून पिकत बाहेर येतो. वरून पाहून काही कळत नाही. मानेजवळ अंगठ्याने दाबून पाहायचं. दोन दिवस चुकले की वरून हिरवागार आणि आतून काळा. आणि खाली पडला की संपला, म्हणून तो हातानेच उतरवावा लागतो.

माझं मागणं एवढंच. मी त्याची कलमं बांधतो आहे. ती लागू दे, दिवाळीपर्यंत. मग मीच झाड पाडीन.

दुसरं मागणं मोठं आहे. अक्षय तृतीया येते आहे, राजूची पहिली. आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. गेलेल्याच्या नावाने नवी घागर मांडायची आणि तिच्यात पाणी त्याच्या लेकराने ओतायचं. तोवर तो पितरांच्या पंगतीत बसत नाही, दारातच उभा राहतो, असं माझी आई म्हणायची. मुलगी आहे म्हणून काय झालं? तृप्तीच्या हातचं पाणी त्याला हवं असेल. तिला घेऊन ये.

मारोतराव


करडी
१२ मार्च २०२५

चि. रक्षा,

आशीर्वाद. धर्मेंद्रचा फोन आला होता. आधी पाऊसपाणी विचारलं, मग तुझा निरोप सांगितला. "काकाजी, ताई म्हणते, झाड डोळ्यांनं दिसते तंवर ती येणार नाही. पोरीलेही पाठवणार नाही. मी समजावून पाहिलं जी." बिचाऱ्याचा आवाज अगदी पडला होता. त्याला म्हणावं, निरोप्यावर कोणी रागावत नाही.

पोरीने गोऱ्ह्याचं नाव 'रसगुल्ला' ठेवलं तेही त्याने सांगितलं. आता मी या वयात गोठ्यात उभा राहून "रसगुल्ला, ये ये" ओरडतो. शेजारचे भय्याजी रोज कुंपणावरून विचारतात, "काय मारोतराव, मिठाईचं दुकान टाकलं का जी?"

कलमांचं सांगतो. आपली भेट कलमाची रीत आहे. रोप कुंडीत घ्यायचं, कुंडी मचाणावर ठेवून झाडाच्या फांदीपर्यंत न्यायची, दोघांची साल तासायची आणि जखमेला जखम लावून बांधून टाकायचं. रोप आपल्या मुळांवर उभं, फांदी आपल्या झाडावर. जुळले की फांदी झाडापासून तोडायची. खरं हे काम पावसाळ्यात करतात, पण मी उन्हाळ्यातच बांधलं आहे. सकाळ-संध्याकाळ पाणी घालतो.

रोपं कुठली, हे लिहू की नको असं दोनदा झालं. लिहितोच. राजू झाडावरून पडला त्या दिवशी त्याने भरलेली टोपली उकिरड्याशी उलटी पडली होती. कोणी उचलली नाही. पावसात त्यातूनच रोपं वर आली. त्यांना तसंच वाढू दिलं असतं तर आंबे आले असते, पण नासपत्या आला असता याचा भरवसा नाही. कोय आईबापावर जात नाही. म्हणून जुन्या झाडाशी बांधली.

तुझी सासू आजकाल दुपारभर झाडाखाली बसते. बुंध्याच्या मागच्या अंगाला, रस्त्याकडून दिसणार नाही अशी. आधी खाटेवरून उठत नव्हती, आता भांडी झाली की पदर खोचून निघते. मी म्हटलं, "अवो, ऊन लागन." तर म्हणते, "लागू द्या. मले बरं वाटते तिथं." मला वाटतं, पोराचा हात शेवटचा त्या झाडाला लागला म्हणून तिचा जीव तिथे ओढतो. पाहा, तू झाड पाडा म्हणतेस, ती त्याला टेकून बसते, आणि मी मध्ये.

दाणे धरले आहेत. यंदा फळ फार.

मारोतराव


करडी
२ एप्रिल २०२५

चि. रक्षा,

आशीर्वाद. आज थोडकंच.

झाडाचा शेंडा पिवळा पडतो आहे. आधी वाटलं ऊन. मग एका अंगाची पानं गुंडाळून गळायला लागली, आणि कैऱ्या मात्र फांदीला तशाच. कीड असेल. बुंध्याला शेणकाला केला, आळं उकरून पाणी सोडलं. तालुक्याच्या दुकानदाराने एक औषध दिलं, तेही मारलं. तुला हे वाचून बरं वाटेल का, ते मी विचारत नाही.

कलमांची पानंही मलूल आहेत. पाणी कमी पडत असेल.

तुझी सासू म्हणाली, "मरते का जी ते?" मी म्हटलं, "छे, एवढं सोपं नाही." मग तिने मला चहा दिला. स्वतःहून तिने चहा केल्याला बरेच दिवस झाले होते. साखर जास्त झाली होती, मी सगळा प्यालो.

पोरीची परीक्षा कशी गेली?

मारोतराव


करडी
१७ एप्रिल २०२५

चि. रक्षा,

आशीर्वाद. मागच्या पत्रात मी कीड लिहिलं होतं. ती कीड नव्हती.

परवा मी झाडाच्या मागच्या बाजूने आळं खोदत होतो. हात बुंध्यावर टेकला तर माती ओली लागली, लिंपलेली. नखाने खरवडली. खाली गिरमिटाने पाडलेलं भोक. बाजूला आणखी एक, मग आणखी. सगळा मागचा बुंधा चाळणी केलेला, वरून शेणमातीने गुळगुळीत सारवलेला. इतकं सफाईचं सारवण गावात एकीचंच. वास घेतला. धानाच्या बांधावर मारतो ते तणनाशक. कोठीतला डबा जाऊन हलवला, तो रिकामा होता.

ती चुलीपुढे भाकर थापत होती. मी उंबऱ्यातच उभा राहिलो.

"अवो, झाडाले भोकं कोणं पाडले?"

"मी."

"काहून?"

भाकर तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, मग बोलली. "तुमच्यानं होत नव्हतं म्हणून."

"मी कलमा बांधल्या होत्या न. दिवाळीपावतर थांबा म्हटलं होतं."

"तुमच्या कलमा लागेपर्यंत माही नात मले वळखणार नाही." मग माझ्याकडे वळली. डोळ्यांत पाणी नव्हतं. "ते म्हणते झाड दिसते तंवर येत नाही. आता झाड नाही राहणार. लिहा तिले. लिहा न जी, काय पाहता?"

मला वाटत होतं ती पोरासाठी झाडाला टेकून बसते. ती दुपारभर बसून त्याला पाजत होती. वरून पाहून काही कळत नाही, हे मी तुला आंब्याबद्दल लिहिलं होतं. घरच्या माणसाबद्दल मलाही कळलं नाही.

मी तिला रागावलो नाही. रागवायचं कशाच्या जोरावर? माझ्याजवळ झाड होतं, तिच्याजवळ तेवढंही नव्हतं.

कलमं सगळी गेली. झाडाशी बांधलेली होती, झाड जे प्यायलं तेच तीही प्यायली. वेगळी करायला उशीर झाला होता. एकेकाची दोरी सोडून पाहिली, जखमा छान जुळल्या होत्या. काम चांगलं झालं होतं.

कैऱ्या मी सगळ्या उतरवून खड्ड्यात पुरल्या. गुराढोरांच्या, लेकरांच्या तोंडी लागू नयेत म्हणून. हंगामभराचं फळ.

म्हणून तिच्या सांगण्यावरून लिहितो. झाड मेलं आहे. उभं आहे, पण आता ते फक्त सरपण. पाडायला माणूस सांगितला आहे, पण सगळे लग्नसराईच्या कामात आहेत, अक्षय तृतीयेच्या आधी येईल असं दिसत नाही. तेवढं मनावर घेऊ नकोस. तीस तारखेला ये. घागर आणून ठेवली आहे.

मारोतराव


करडी
१ मे २०२५

चि. रक्षा,

आशीर्वाद. काल तू पोरीला पाठवलंस, त्याचे उपकार कसे मानू? धर्मेंद्र तिला मोटारसायकलवर पुढे बसवून घेऊन आला. फ्रॉक धुळीने लाल झाला होता. आल्या आल्या आधी गोठ्यात गेली. रसगुल्ल्याने तिला चाटलं, ती ओरडली, आजी धावत आली, आणि तशीच दारात बसून राहिली. तिच्याने पुढे चालवेना. पोरच तिच्याजवळ गेली.

तू नव्हतीस, पण घरी काय झालं ते तुला कळलं पाहिजे.

अंगणात पाट मांडला. पळसाच्या पत्रावळी, चिंचवणी, वडे, कढी, सगळं केलं होतं. वडे तुझ्या सासूने केले, एकही फुटला नाही. माझ्या बापाची घागर, आईची, आणि तिसरी नवी कोरी. पोरीने दोन्ही हातांनी तांब्या धरला. मी म्हटलं, हळू ओत. तिने इतकं हळू ओतलं की घागरीचा आवाज आम्ही सगळे ऐकत राहिलो. नवं मडकं पाणी पितं ना, सूं सूं करत, तसा.

मग ती म्हणाली, "आबाजी, बाबा आले का?"

मी म्हटलं, "बसला तो. आता पंगतीत बसला."

"मग त्यांच्या पानावर आपला आंबा काहून नाही? हा तर बाजारचा आहे."

दरवर्षी आपण याच झाडाची कैरी ठेवत आलो, तो उशिरा पिकतो म्हणून. पोरीच्या लक्षात होतं. मी काही जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात तुझी सासू बोलली, "मी मारलं त्या झाडाले, बाई. तुह्या बाबाले त्यानं पाडलं म्हणून. तू यावं म्हणून."

पोरीने झाडाकडे पाहिलं. म्हणाली, "पण बाबाले तो आवडत होता."

धर्मेंद्र उठून हात धुवायला गेला, जेवण व्हायच्या आधीच.

आता एक लिहितो, रागावू नकोस. ते दोघं परत निघाले तेव्हा मी पाठोपाठ बांधापर्यंत गेलो होतो. नहराच्या पुलावर लिंबाच्या सावलीत एक बाई उभी होती. मोटारसायकल तिथे थांबली, पोर उतरली आणि त्या बाईच्या कमरेला मिठी मारून राहिली. तिची पाठ माझ्याकडे होती. माझी नजर पूर्वीसारखी राहिली नाही, मी काही पाहिलं असं म्हणत नाही. उन्हात इतका वेळ उभं राहताना पाणी तरी होतं का जवळ?

तुझ्या सासूला मी सांगितलं नाही.

मारोतराव


करडी
२२ जून २०२५

चि. रक्षा,

आशीर्वाद. झाड पडलं. मशीनवाले दोघं आले आणि न्याहारी ते जेवण एवढ्यात आटोपलं. खोडाचा काप पाहिला. बाहेरचा पट्टा पांढरा, आत काळा डाग पसरत गेलेला. बुंधा खणून काढायचं ते म्हणाले, मी नको म्हटलं. लाकूड भय्याजींच्या गोठ्याला दिलं. आपल्या छताला ते लावायची हिंमत होईना.

तुझ्या सासूने त्या दिवशी अंगण सारवलं, रांगोळी घातली. तुझ्या खोलीतली गादी उन्हात टाकली. रोज विचारते, "आता तं झाड नाही. आता काहून येत नाही ते?" मी सांगतो, शाळा उघडली असेल. दुसऱ्या दिवशी सांगतो, पाऊस आहे. माझ्याजवळ कारणं संपत आली आहेत. जे खरं कारण आहे ते तिला सांगण्यासारखं नाही, आणि ते मला ठाऊक आहे हे तुला ठाऊक नाही. आज ते लिहितो. लिहून बरं होईल की आणखी वाईट, मला कळत नाही. पण झाड गेल्यावरही तू आली नाहीस, तेव्हा मला पक्कं समजलं.

त्या दिवशी मी गोठ्याच्या छपरावर बसून कवेलू फेरत होतो. तुम्हाला वाटलं मी शेतावर आहे. राजू टोपली भरून खाली उतरला होता. पायही पुसले होते त्याने. तू खाली उभी होतीस आणि वर बोट दाखवून म्हणालीस, "एवढा मोठा गडी, अन् शेंड्याचा तेवढा एक राहून गेला का?" तो हसला. म्हणाला, "तुह्या तोंडाले पाणी सुटलं म्हण न सरळ." आणि पुन्हा चढला. सकाळी पाऊस येऊन गेला होता. पुढचं आपण दोघांनी पाहिलं.

सारं गाव जमलं तेव्हा तू कोणाला सांगितलं नाहीस. मीही सांगितलं नाही. तेव्हा नाही आणि आजपर्यंत नाही.

बाई, मी ऐकलं ते नवरा-बायकोचं हसणं होतं. त्यात पाप कुठलं? त्या शेंड्याच्या एका आंब्यासाठी मी स्वतः तरुणपणी दरवर्षी चढलो आहे. तो खाली पडू द्यायचा नसतो, हे त्याला मीच शिकवलं, मला माझ्या बापाने. तू बोलली नसतीस तरी त्याने वर पाहिलंच असतं. राहिलेला आंबा त्याला कधी सोडवत नव्हता.

तुला झाड दिसायला नको होतं, ते मी समजलो. पण आता वाटतं, तुला आमचे डोळे दिसायला नको आहेत. माझ्या डोळ्यांत तू पाहा, तिथे काही नाही. तुझ्या सासूला मी हे कधी सांगणार नाही. तिने सगळा दोष एका झाडावर ठेवला आणि ते मारूनही टाकलं. तो दोष आता पुन्हा उकरून कोणाच्या अंगावर टाकायचा नाही. माझ्यासोबत तो जाईल.

नासपत्या आता कुठेच नाही. या हंगामात मी घरोघरी विचारत फिरलो. दिघोरीकडे कोणाच्या सोयऱ्याने आपल्याकडून फांदी नेली होती असं ऐकलं, तिथेही जाऊन आलो, ते झाड केव्हाच तोडलं. चव ज्यांच्या जिभेवर आहे अशी माणसं चार. मी, तुझी सासू, तू आणि पोर. आम्ही दोघं पिकली पानं. पोरीला कधी विचारून पाहा, वास आठवतो का. आठवत असेल तर तिला बोलू दे, गप्प करू नकोस.

येण्याबद्दल आग्रह करत नाही. तू आली नाहीस तरी महिन्याला पत्र येईल, डब्याखाली दाबून ठेव.

एक नवीन झालं आहे, ते सांगून थांबतो. झाड होतं तोवर आपल्या ओट्यावरून रस्ता दिसत नव्हता. तुमची वरात आली तेव्हा बाजा ऐकू येत होता आणि माणसं दिसत नव्हती, आठवतं? आता नहराच्या पुलापर्यंत सगळं उघडं पडलं आहे. पुलावर कोण उभं आहे, येतं आहे की परत जातं आहे, सगळं ओट्यावरून दिसतं. तुझ्या सासूने आपली खाट आतून काढून ओट्यावर आणली आहे. ती रस्त्याकडे तोंड करून झोपते.

मारोतराव